बेवारस सोळाशे वीस युरो

महागावातल्या साधना कॉम्प्युटर्सच्या दारावर दोन पाट्या आहेत. एकीवर झेरॉक्स, सातबारा, ऑनलाइन फॉर्म असं लिहिलंय आणि दुकान तिच्यावर चालतं. दुसरीवर लिहिलंय, ‘बाबाराव मनवर, आंतरतालुका गुप्तहेर. महागाव, बाभुळगाव; जाण्यायेण्याचं भाडं दिल्यास राजूर.’ हे बाबाराव म्हणजे साधनाचे सख्खे मामा. ते आपली ओळख स्वतःच करून देतात, कारण दुसरं कोणी इतकी नीट करून देत नाही.

“तीस वर्सं एसटीत तिकीट तपासनीस होतो,” ते समोरच्या राखीला सांगत होते. “चेहरा पाह्यला का सांगतो, पास कोणाचा अन् फोटो कोणाचा. जो खिडकीबाहेर पाह्यते, त्याच्यापाशी तिकीट नसते. माह्या डोक्याचं काम डेप्पोवानी हाये पोरी. विचार येकदम टायमावर सुटते!”

महागावची एसटी टायमावर सुटल्याचं साधनाला काही आठवेना. पण मामांच्या विचारांबद्दल तिचा अनुभव अगदी तोच होता. तिने राखीला खुर्ची दिली.

राखी जवळच्या तांड्यावरची. तिच्या आईने, तांड्याच्या भाषेत याडीने, म्हणजे रुपीबाईने, बावीस बायका जमवून आरशा-कवड्यांच्या भरतकामाच्या पिशव्या करायला घेतल्या होत्या. कागदपत्रं आणि बँक राखी बघायची. दिवाळीआधी बेल्जियमच्या इल्साबाईंना साठ पिशव्या पाठवल्या, माल पोचला, सोळाशे वीस युरो आले. व्यवहार सरळ होता. नंतर हिवाळ्यात इल्साबाई स्वतः तांड्यावर येऊन दोन दिवस राहून गेल्या. तेव्हा राखी परीक्षेला अमरावतीला होती. गेल्या आठवड्यात बाईंचा ईमेल आला, ‘एकशेवीस पिशव्या हव्यात. बाकी तुझ्या आईशी ठरल्याप्रमाणे.’ आणि परवा बँकेत पुन्हा सोळाशे वीस युरो येऊन पडले.

“पुन्ना तेवढेच?” साधनाने विचारलं.

“तेवढेच. मी याडीले इचारलं, पैसे आले का आपले? ते म्हणे, माल कुठी गेला अजून, पैसे कायचे येतीन? मंग हे पैसे कोणाचे? मले वाटते बाईनं जुनंच बिल चुकून दोनदा भरलं. दुसऱ्याचे पैसे कायले ठेवावं? आपले नसतीन तर वापस करून टाकतो.”

बोलताना राखीचा आवाज खाली गेला. तिच्या सांगण्यावरून बावीस जणींनी कापूस वेचायचं सोडून सुया हातात घेतल्या होत्या. आरसे, कवड्या, दोरा आणायला तिच्याकडे छदाम नव्हता. सोमवारपर्यंत काम सुरू झालं नाही, तर बायका पुन्हा दुसऱ्यांच्या वावरात जाणार होत्या. मग ऑर्डरही जाणार आणि राखीवरचा विश्वासही.

पैसे खात्यात जमा व्हायला बँकेचा एक फॉर्म भरायचा होता आणि त्यात एकच प्रश्न होता: परदेशातून आलेले हे पैसे कशाचे? पुढे कोडची यादी, त्यातला एक निवडायचा. राखीने बँकेतल्या ममता मॅडमना फोन लावला.

“ते मी सांगू शकत नाही,” मॅडम म्हणाल्या. “पैसे कशाचे, ते ज्याच्या नावानं आले त्यानंच लिहून द्यायचं. चुकीचा कोड टाकला तर पुढे कागदं जुळत नाहीत आणि मग तुम्ही रडत माझ्याकडे येता. आज चारपर्यंत उत्तर नाही आलं, तर पैसे आल्या पावली परत.”

“चार म्हंजे चार!” बाबाराव उठले. “साधना, लॅपटॉप घे. घटनास्थळी जाऊ.”

“मामा, घटना बँकेत घडली.”

“तिथी बसू देत नाहीत आपल्याले.”

तांड्यावर पोचल्या पोचल्या बाबारावांनी राखीच्या वडिलांना, भीमसिंगना, बाजेवर बसवलं आणि यादीतल्या एका ओळीवर बोट ठेवलं: परदेशस्थ नातेवाइकाने कुटुंबाच्या खर्चासाठी पाठवलेली रक्कम.

“भीमसिंगभाऊ, तुमचा मोठा भाऊ लहानपनी ट्रकवर बसून पळून गेलता का नाही?”

“गेलता.”

“तो आता बेल्जियमले हाये!”

“तो पुसदले हाये. काल फोन आलता त्याचा. गुडघे दुखून राह्यले म्हणे.”

बाबारावांनी वहीत ‘भाऊ: गुडघे’ असं लिहून ठेवलं आणि राखीच्या भावाकडे मोर्चा वळवला. बबलूचा टेम्पो होता. प्रश्न विचारताना बबलूने नेमकं खिडकीबाहेर पाहिलं, आणि झालं! आणखी साठ पिशव्या बबलूने गुपचूप बेल्जियमला पोचत्या केल्या, हा त्याच मालाचा मोबदला. कोड उघड होता: माल गेला, बिलाचे पैसे आले. साधना नको नको म्हणत असताना त्यांनी ममता मॅडमना फोन लावून गुन्हा उकलल्याचं जाहीर केलं.

“बरं,” मॅडम म्हणाल्या. “मग त्या मालाचं शिपिंग बिल पाठवा.”

बाबारावांनी फोनवर हात ठेवला. “साधना, जहाजाची पावती मांगून राह्यली. महागाववरून जहाज कुठी लागते?”

“कुठीच नाही लागत, मामा.”

“तरी मी म्हणलं, पोरगा खिडकीतून पाहून काहून राह्यला.”

खिडकीबाहेर बबलूचा टेम्पो होता आणि एक बकरी त्यातलं सोयाबीन खात होती. बबलू तिला हाकलायला पळाला तो परत चौकशीला आलाच नाही.

दीड वाजला. राखीने इल्साबाईंना तीनदा ईमेल केला होता आणि तिन्ही वेळा तेच ठरावीक उत्तर आलं: ‘मी एकवीस तारखेपर्यंत डोंगरात आहे, संपर्क होणार नाही.’ ते वाचून बाबारावांचा चेहरा उजळला.

“डोंगरात! फरार हाये बाई! हा काळा पैसा हाये साधना, तांड्यावर लपवून ठेवला. लिह्य फॉर्मात, ‘संशयास्पद’.”

साधनाने लॅपटॉप मिटून मांडीखाली घेतला. मामांवर तिचा जीव होता. त्यांच्या हातात माउस द्यावा इतका नव्हता.

“मामा, तुमी रुपीमावशीले काहीच नाही इचारलं.”

“फिर्यादीच्या मायले काय इचारायचं? तिले ठाव असतं तर पोरीनं फिर्याद कायले केली असती?”

रुपीबाई सकाळपासून ओसरीत जुनी सुतं उकलत बसली होती. एवढा मोठा गुप्तहेर घरात आल्यावर मधे बोलू नये, म्हणून गप्प होती. तीन वाजता राखी हरली. आईजवळ बसून म्हणाली, “याडी, जाऊ दे. त्या बाईचे पैसे वापस पाठवून देतो.”

रुपीबाईचा हात थांबला. “कोन्ते पैसे?”

“बँकेत पडेल हायेत ते. सोळाशे वीस.”

“ते पैसे नाहीत वं. तो इसार हाये!”

सगळ्यांनी वळून तिच्याकडे पाहिलं. रुपीबाईला कळेना की यात न समजण्यासारखं काय आहे. “बाई आलती ना, तिले न मह्यी भाषा येते, न मले तिची. मी एकशेवीस खडे मांडले. मधातून दोन ढीग केले. हा आता दे, हा माल पोचल्यावर. तिनं मुंडी हालवली, हातावर हात मारला. अर्ध्या मालाचा इसार. माह्या बापानं कधी इसाराले पैसे म्हणलं नाही. माल देल्याबिगर ते आपले नसतात, गठुडं येगळं बांधून ठेवावं लागते. अन् तू इसार वापस करतं? इसार वापस म्हंजे सौदा मोडला! माह्या जिभेची काही किंमत हाये का नाही?”

तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. राखीने आईचा हात धरला आणि तिलाही रडू फुटलं. आई-लेकीच्या एका प्रश्नोत्तरात सगळा घोळ होता. राखीने पैशांचं विचारलं, आईने पैशांचं उत्तर दिलं. इसाराचं कोणी विचारलंच नव्हतं.

साधनाने लॅपटॉप उघडला. ‘निर्यातीच्या करारापोटी आगाऊ रक्कम’. यादीत ती ओळ बिलाच्या ओळीच्या लगेच खाली, सकाळपासून होती. राखीने भराभर एकशेवीस पिशव्यांचं कच्चं बिल बनवलं, निम्मी रक्कम आगाऊ असं त्यात लिहिलं आणि ‘आईशी ठरल्याप्रमाणे’वाला ईमेल जोडला. साडेतीनला फॉर्म गेला. पावणेचारला ममता मॅडमचा फोन आला.

“आता बरोबर आहे. पण माल वेळेत पाठवा आणि त्याची कागदं याच रकमेला जोडून आणा. आगाऊ घेतलं की माल द्यावाच लागतो, तसा नियम आहे.”

“आमच्या घरीबी तोच हाये, मॅडम,” राखी म्हणाली.

बाबारावांनी वही उघडून ‘केस निकालात. उकल: बाबाराव मनवर’ असं लिहिलं, खाली तारीख टाकली आणि घसा साफ केला. “माह्या मनात पयल्यापासून इसारच होता. म्या फक्त बाकीचे रस्ते बंद करत गेलो.”

“हो मामा,” साधना म्हणाली.

एवढ्यात राखीच्या मोबाइलवर बँकेचा मेसेज आला. तिने उडीच मारली. “याडी! आले! पैसे आले!”

“इसार आला,” रुपीबाई म्हणाली आणि डोळे बारीक करून सुईत दोरा ओवायला लागली. “पैसे एकशेवीस पिशव्या गेल्यावर येतीन. जाय, बायाले बलाव.”