नाचणी-फणसाची न्याहारी आणि तिचे हक्कदार

झाकणावरचा निखारा चट् करून फुटला आणि घरातली शांतता संपली. कोणत्याही समाजात पौष्टिक आहाराची सुरुवात अशीच, दुसरं कुणीतरी झोपलेलं असताना होते.

जंगलात जाणाऱ्या कुळगीच्या वाटेवरच्या आमच्या होमस्टेत दोन खोल्या, एक झोपाळा आणि एक न्याहारी आहे. पैकी न्याहारीचं नाव सगळ्यात लांब. माझ्या नवऱ्यानं, सागरनं, ते पाटीवर कन्नड आणि मराठीत रंगवून घेतलंय: 'निखाऱ्यावर भाजलेली नाचणी-फणस पौष्टिक वनन्याहारी'. याला नुसतं धोंडस म्हणायचो, तोवर कुणी मागत नव्हतं.

कृती सोपी आहे. नाचणीचं पीठ खमंग भाजावं. त्यात फणसाच्या गऱ्यांचा रस, कुस्करलेलं केळं आणि गूळ घालावा. टोपात केळीचं पान पसरून मिश्रण ओतावं. खाली विस्तव, वर झाकणावर निखारे. गोड बरोबर झालंय का, हे पाहू नये. कृतीतला हा सर्वांत महत्त्वाचा टप्पा.

कारण पाहुण्यांच्या आधी चव घ्यायची नाही, असा आत्तींचा, म्हणजे माझ्या सासूबाईंचा नियम आहे. "देवाच्या निवदाची चव बघतीस काय?" असं त्या विचारतात. (देवानं खोली आगाऊ सांगून ठेवलेली असते.) पाहुण्यांच्या ताटातलं उष्टं घरात खायचं नाही, हा दुसरा नियम. ते वासराला जातं. त्यामुळे न्याहारीची चव करणाऱ्या घराला ठाऊक नाही, वासराला आहे. पौष्टिकतेबद्दल कुणाला शंका असेल, तर वासरू दाखवण्यात येईल.

घरासाठी दुसरा टोप का लावत नाही, असं तुम्हाला वाटेल. मलाही रोज वाटतं. मग भांडी घासायची वेळ होते.

घरच्यांच्या न्याहारीला चहा-बिस्किट. माझी रक्षिता चार वर्षांची आहे. अंगणवाडीच्या बाई तिला वजनकाट्यावर उभी करतात, काट्याकडे बघतात, मग माझ्याकडे. "नाचणी घाला हिला, फळं घाला," म्हणतात. मी मान डोलावते. दोन्हींचा वास आमच्या घरात रोज असतो.

आज पुण्याचे पाहुणे होते. सोबत रक्षिताएवढाच मुलगा. त्याच्या आईनं टोपाचे सगळ्या बाजूंनी फोटो घेतले. "किती हेल्दी! आमच्याकडे कुठं होतं हो असं?" मुलानं टोपात पाहिलं. मग उंबऱ्यावर चहात बिस्किट बुडवत बसलेल्या रक्षिताकडे पाहिलं.

"मला ते पाहिजे."

"एकच दे ना गं त्याला," त्याची आई रक्षिताला म्हणाली. "सुट्टीत चालतं."

"दे गं बाय," आत्ती म्हणाल्या. "पावना हाय त्यो."

घरातला शेवटचा पुडा होता. रक्षितानं तो अख्खा दिला. (हातातलं भिजलेलं बिस्किट मात्र तिनं आधी तोंडात टाकलं. आधी आणि नंतर यांचं महत्त्व तिला कळू लागलंय.)

पाहुणे जीपनं जंगलात गेले. टोपात एक तुकडा राहिला, त्या मुलाच्या वाटणीचा. ताटात वाढलेला नाही, म्हणजे उष्टा नव्हे. पाहुणे खाऊन उठले, म्हणजे त्यांच्या आधीचाही नव्हे. दोन्ही नियमांत बसणारी अशी वस्तू या घरात प्रथमच आढळली. मी सुरी घेतली. रक्षिता स्वतःची ताटली पुसून घेऊन आली. लेक अगदी शहाण्यासारखी मांडी घालून बसली.

"सूनबाय," आत्ती अंगणातनं म्हणाल्या, "त्यो तुकडा ऱ्हाऊदे. पोरगं जंगलातनं भुकेजून येतंय. मागितलं तर?"

मागितलं तर. मी तुकड्यावर झाकण ठेवलं. तुम्ही कधी इकडे येणार असाल, तर तुमच्याही वाटणीचा असाच झाकून ठेवू; काळजी नसावी.

रक्षितानं रिकामी ताटली मांडीवर घेतली.

"आई, मी पावनी कवा व्हनार गं?"