भास्करनाना आणि परका उजेड

भास्करनाना माझ्या घरी आले की आधी खिडकी लावायचे, मग नमस्कार करायचे. हा क्रम कधी चुकला नाही. खिडकी झाली की वर दिव्याकडे बघायचे, आणि ट्यूबलाइट चालू असेल तर तीही घालवायला लावायचे. मग अंधारात चाचपडत खुर्ची शोधून म्हणायचे, "हां. आता बोला, सर."

ऐंशीचं दशक संपत आलं होतं. मी धुळ्याला देवपुरात नवा भाडेकरू. कॉलेजात मराठी शिकवायचो. नाना तिथंच पदार्थविज्ञानाच्या प्रयोगशाळेत मदतनीस. पगार माझ्याहून कमी, ज्ञान माझ्याहून जास्त. हे आम्हा दोघांनाही ठाऊक असल्यामुळे मैत्री लवकर जमली. आईबापांनी नाव ठेवलं भास्कर, आणि या गृहस्थाचं सूर्याशी उभं वैर! वैशाखात धुळ्यात सगळेच उन्हाला शिव्या देतात, पण त्या अंग भाजतं म्हणून. नाना देत ते ऊन आगाऊ म्हणून. "बोलावलं नाही तिथं घुसतं, सर. परका उजेड!"

'परका उजेड' हे त्यांचं पालुपद. लग्नात व्हिडिओवाल्याचा झगझगीत दिवा जवळ आला की ताट उचलून दुसऱ्या पंगतीला जाऊन बसायचे. एकदा कॉलेजच्या संमेलनात त्यांनी अशी समई केली होती की पाहुण्यांनी नुसता हात पुढे केला की तिच्यातले बल्ब आपोआप लागावेत. पाहुणे अजून पायऱ्या चढत होते, शिपाई सतरंजीची सुरकुती काढायला समईपाशी वाकला, तेवढ्यात फोटोग्राफरने फ्लॅश मारला. लख्खकन समई लागली. शिपायाच्या हस्ते उद्घाटन झालं आणि पोरांनी त्याच्यासाठी टाळ्याही वाजवल्या. प्राचार्य तापले. नाना शांतपणे म्हणाले, "साहेब, माझी समई बरोबर होती. तो परका उजेड होता."

ते माझे शेजारीच. घरात ते आणि त्यांची थोरली बहीण, अक्का. नानांनी लग्न केलं नाही. अक्का लवकर विधवा झालेल्या, त्यात दोन्ही कानांनी ठार बहिऱ्या. नानांच्या दाराच्या चौकटीला साबणदाणीएवढी एक पेटी ठोकलेली होती. तिच्यातून डोळ्याला न दिसणारा उजेड बाहेर पडायचा. पुढे टीव्हीच्या रिमोटमध्ये आला तसला. समोर माणूस उभा राहिला की तो उजेड त्याच्या अंगावर आपटून परत यायचा, पेटीतला 'डोळा' तो ओळखायचा, आणि आत अक्कांच्या खोलीत तांबडा दिवा लागायचा.

"मग साधी बेल का नाही लावत?" मी विचारलं. "बटण दाबलं की दिवा लागेल."

"न दाबणारा माणूस आला तर?" नाना म्हणाले, आणि मला दारात उभं राहायला लावलं.

त्या रविवारी मी त्या दारात किती वेळा उभा राहिलो याची गणती नाही. पांढऱ्या शर्टात, निळ्या शर्टात, शेवटी नानांची काळी घोंगडी पांघरून, तीही मे महिन्यात. पांढरा शर्ट उजेड चांगला परत करतो, काळी घोंगडी गिळून टाकते. दूधवाला आणि भटक्या शेळ्या यांच्यासाठी दिवा लागता कामा नये, म्हणून नानांनी तीन सेकंदांची अट घातली होती. "जाणारा-येणारा नको, सर. उभा राहणारा पाहिजे. नुसता उभा राहणारा."

समोरचे किराणावाले शांतिलालशेठ गल्ल्यावरून हा तमाशा बघत होते. त्यांचं नानांशी तेव्हा भांडण चालू होतं. दिवाळीत शेठनी दुकानाची भिंत पांढरीशुभ्र केली होती आणि तिच्यावरून उलटणारं ऊन पेटीत शिरत होतं. तेव्हा नानांनी सुचवलं होतं, "शेठ, भिंतीला डांबर मारा. खर्च माझा."

"दिवाळीत दुकान काळं करू?" शेठ म्हणाले होते. "लक्ष्मी आत येईल का नाना, बाहेरूनच पळेल?"

पण त्याच शेठनी मला सगळं सांगितलं. अक्कांचा एकुलता एक मुलगा विलास. बारावीत दोनदा नापास झाला तेव्हा नानांनी त्याच्या कानाखाली वाजवली आणि म्हणाले, या घरात पुन्हा पाय ठेवू नको. तो सुरतेला गेला. तिथं कुठल्या तरी कापडाच्या मागावर काम करतो, एवढंच कळलं. नाना तीनदा सुरतेला जाऊन गल्ल्या पालथ्या घालून आले. पोरगा सापडला नाही. आणि मग एका संध्याकाळी तो आपणहून आला. खांद्याला पिशवी, अंगात पांढरा शर्ट. दारात बराच वेळ उभा राहिला, दोनदा कडी वाजवली. नाना कॉलेजात, अक्का आत गहू निवडत होत्या. त्यांना काय ऐकू येणार! त्याला वाटलं असेल, मुद्दाम उघडत नाहीत. शेठ गिऱ्हाईक सोडून बाहेर येईपर्यंत तो कोपऱ्यावरून वळला होता.

त्या आठवड्यात नानांनी पहिली पेटी केली.

पण दार पश्चिमेला. संध्याकाळी साडेपाचला ऊन उतरून थेट पेटीच्या डोळ्यात जायचं आणि दारात कोणी नसताना दिवा लागायचा. गुडघ्यांवर हात देत अक्का उठायच्या, भिंत धरत दारापर्यंत यायच्या, दार उघडून रस्त्याकडे बघत राहायच्या, मग परत जायच्या. रोज. नानांना ते बघवेना. उन्हाशी त्यांचं वैर होतं ते हे.

मग त्यांनी डोळ्यावर बॉलपेनची नळी बसवली. तिला आतून काजळी फासली, कारण चकचकीत काळा रंग 'लबाड काळा'. तोसुद्धा उजेड इकडून तिकडे ढकलतो. दिवा आणि डोळा यांच्या मधे पोस्टकार्डाचा काळा पडदा घातला, "म्हणजे दोघांनी आतल्या आत कुजबुज करायला नको." फोटो स्टुडिओतून धुतलेल्या रंगीत रोलची काळी टोकं मागून आणली. त्या फिल्ममधून साधा उजेड जात नाही, हा न दिसणारा जातो. प्रत्येक सुधारणेची पेटी वेगळी. जुन्या पेट्या फळीवर ओळीने मांडलेल्या. तरी वैशाखातलं ऊन शिरायचंच, कारण न दिसणारा उजेड उन्हातही असतो.

शेवटचा उपाय त्यांना पांझरेच्या पुलावरून येताना सुचला. धापा टाकत माझ्याकडे आले; खिडकी मात्र आधी लावली.

"सर, बाजाराच्या गर्दीत आपला पोरगा लांबून कसा ओळखतो आपण?"

"चालीवरून," मी म्हणालो.

"बस! आपल्या उजेडाला चाल द्यायची. तो सारखा उघडझाप करणार, ठरलेल्या तालात. डोळा तेवढाच ताल ओळखणार. ऊन एकसारखं असतं, ट्यूबलाइट तिच्या तालात. त्यांना दारातूनच परत."

आणि खरंच, ऊन हरलं. साडेपाच वाजले, पेटीवर ऊन पडलं, तांबडा दिवा गप्प. मी दारात उभा राहिलो, दिवा लागला. नानांनी त्या दिवशी गल्लीला जिलबी वाटली, शांतिलालशेठनाही.

पुढे महिन्याभराने मी त्यांच्याकडे गेलो तर नाना नव्हते. अक्का दिव्याकडे तोंड करून बसल्या होत्या. वाळल्या होत्या. मला जवळ बोलावून, बहिरी माणसं बोलतात तशा मोठ्याने, आपल्या अहिराणीत म्हणाल्या, "मास्तर, आते दिवा लागत नही. मन्हा पोऱ्यानी येवानं बंद करी दिन्हं का?"

मला समजेना. मग त्याच सांगू लागल्या. सुरतची यष्टी पाचला येते. विलास रोज तिने येतो, दारात उभा राहतो, दिवा लागतो. "मी उठस तवलोंग तो निंघी जास. मामाना धाक शे त्याले."

साडेपाचचं ते ऊन या माउलीला इतके दिवस विलास वाटत होतं! रोज येणारा, रोज थोडक्यात चुकणारा. आणि आम्ही ते बंद पाडून जिलबी खाल्ली होती. मला तिथं बसवेना.

नाना आल्यावर मी त्यांना सांगितलं. दुसऱ्या दिवशी फळीवरून सगळ्यात पहिली पेटी खाली आली, नळी नसलेली, फिल्म नसलेली, भोळी. साडेपाचला तांबडा दिवा लागला. आतून अक्कांचा आवाज आला, "कोन शे?" आणि त्या उठून दाराकडे निघाल्या. नाना माझ्या ओट्यावर पाठमोरे बसून राहिले.

त्याच वर्षी मी जळगावला नव्या नोकरीवर गेलो. नंतर पुन्हा धुळ्याला जाणं झालं ते वर्षभराने, एका सकाळी. ऊन अजून घराच्या मागच्या बाजूला होतं. दारात पोचलो तर चौकटीवर दोन पेट्या. मला चेष्टा सुचली. कडी न वाजवता नुसता उभा राहिलो. अंगात पांढरा शर्ट, खांद्याला पिशवी. मनात एक, दोन, तीन मोजलं.

आत भांडं पडल्याचा आवाज झाला. नाना धावत आले. उघडेबंब, अर्ध्या गालावर दाढीचा साबण, एका पायात चप्पल. दोन्ही हातांनी दार उघडताना ते म्हणाले, "आलास रे!"

ते मला नव्हतं. आणि मग त्यांना मी दिसलो.

तो चेहरा मी विसरलो नाही. आपण आपण असल्याची लाज मला आयुष्यात तेवढी एकदाच वाटली.

"या सर, या," नाना म्हणाले. आतून अक्कांनी हाक दिली, "कोन शे?" नानांनी त्यांना हाताने खूण केली, मास्तर. मी आत बसलो. नानांच्या खाटेच्या उशाशी एक लहानसा हिरवा दिवा होता.

"हा कशाचा?"

"नव्या पेटीचा. माझा," गालावरचा साबण पुसत ते म्हणाले. "अक्काचा रोज लागतो. हा उन्हाला फसत नाही. रिकामा तीन सेकंद कोण उभं राहतं, सर? आज पहिल्यांदाच लागला."

मागची खिडकी सताड उघडी होती आणि ऊन खोलीच्या मध्यापर्यंत आलं होतं. नाना ती लावायला उठले नाहीत.