मॅग्नेटोची आंघोळ

महांतप्पा सकाळपासून ट्रॅक्टरचं हँडल फिरवत होता. ट्रॅक्टर एकदा खोकायचा आणि गप्प बसायचा. ओसरीवर शेंगा फोडत बसलेली त्याची बायको शिवम्मा म्हणाली, "पंचेचाळीस झाले."

"काय?"

"फेरं."

माकणीच्या महांतप्पाने हैदराबादच्या एका जहागीरदाराचा हा जुना ट्रॅक्टर आणला, त्याला पंधरा दिवस झाले होते. बैलजोडी बघायला शनिवारी गिऱ्हाईक येणार होतं. पण शिवम्माचा हट्ट होता, आधी हे यंत्र वावर नांगरून दाखवू दे, मगच बैल दावणीवरून हलतील. आज शनिवार उजाडला होता.

शेवटी लोहारा गावच्या गिरणीतला मिस्त्री रामलिंग आला. त्याने प्लग काढून इंजिनच्या लोखंडाला टेकवला आणि महांतप्पाला हँडल मारायला लावलं. प्लगच्या टोकाला पिवळट ठिणगी दिसली न दिसली.

"ठिणगी मरतुकडी हाय मालक. निळी पायजे, कडक."

"मला बघू दे की." महांतप्पाने हँडल रामलिंगकडे देऊन प्लग उचलला. तो नीट कुठं धरायचा, हे सांगायच्या आत रामलिंगच्या हातून हँडल फिरलं. महांतप्पा उडून पेंडीच्या पाटीत बसला.

"हिला मरतुकडी म्हणतूस व्हय रं?" तो ओरडला.

रामलिंगने ठिणगी तयार करणारा मॅग्नेटोचा डबा उघडला. आतून पाणी ठिबकलं.

"ह्यात पाणी कसं?"

शिवम्मा म्हणाली, "हे रोज न्हाऊ घालत्यात ट्रॅक्टरला. काल तर शिकेकाई लावली."

मिस्त्रीने डबा पुसला, आतले काळवंडलेले धातूचे पॉइंट घासले आणि तासभर चुलीजवळ शेकून डबा परत बसवला. या वेळी ठिणगी निळी तडतडली. ट्रॅक्टर असा गरजला की कोंबड्या छपरावर गेल्या.

"आता बंद करू नका," रामलिंग जाताना म्हणाला. "आतली ओल जाऊ द्या."

किती वेळ, ते विचारायचं महांतप्पाच्या ध्यानातच आलं नाही.

दुपारपर्यंत त्याचं वावर नांगरून झालं. भाकरी त्याने चालत्या ट्रॅक्टरवर खाल्ली. शिवम्माने शब्द पाळला. बैलांना कुंकू लावलं, डोळे पुसले आणि गिऱ्हाइकाच्या हातात कासरे दिले.

आता पुढे बांध होता आणि बांधापलीकडे चुलतभाऊ कल्याणप्पाचं शेत. याच बांधावरून दोघं सहा वर्षं बोलत नव्हते. वळायला जागा नव्हती, थांबायची छाती नव्हती. ट्रॅक्टर बांध फोडत पलीकडे गेला.

कल्याणप्पा काठी घेऊन धावत आला. "थांबीव!"

"मिस्त्री नगं म्हणलाय!"

काठी उगारून कल्याणप्पा मागं मागं चालला. दोन फेऱ्यांनी काठी खाली आली. चौथ्या फेरीला तो मडगार्डवर बसून सांगू लागला, "तिकडं घे, तिकडं हरळीचं तण लई हाय."

दिवस कलताना टाकीतलं रॉकेल संपलं. दोघांनी मागं पाहिलं. इकडून तिकडपर्यंत सारखीच काळी, भुसभुशीत जमीन.

"बांध हितं हुता," महांतप्पा ओशाळून आपल्याच बाजूला चार पावलं आत येऊन उभा राहत म्हणाला.

"खुळा हाईस का? त्यो तिकडं हुता!" कल्याणप्पाने आपल्या शेतातली सहा पावलं सोडली.

"म्या सांगतो न्हवं, ही माती तुझी!"

"तुझी हाय म्हणतो ना!"

आवाज इतके चढले की शिवम्मा घाबरून धावत आली. वावराच्या कडेला क्षणभर ऐकत उभी राहिली, आणि मग तिघांच्या चहाचं आधण ठेवायला मागं फिरली.