विश्वंभरसोबत कंपलीट

वसमतला निवडणुकीचा अर्ज भरून वैजनाथ वाडीवर परतला आणि चपला काढायच्या आधीच त्याने खुंटीवरचं जाकीट झटकून पाहिलं. मागच्या निवडणुकीला शिवलं होतं. ग्रामपंचायतीचा मेंबर झाल्यावर पहिल्या बैठकीला, खुर्चीत बसताना घालायचं म्हणून. त्या वेळी विश्वंभर निवडून आला आणि जाकीट खुंटीवर राहिलं. त्याच्या आधीच्या निवडणुकीलाही विश्वंभरच आला होता. तेव्हा निदान जाकीट तरी शिवलेलं नव्हतं. यंदा मात्र ते अंगात चढलंच पाहिजे, असं वैजनाथने मनाशी घट्ट धरलं होतं.

बायको गोजरबाई हिचाही डमी अर्ज भरून झाला होता. नवऱ्याचा अर्ज एखाद्या कागदापायी उडाला तर घरातलं कुणीतरी उभं राहावं, एवढ्यापुरताच तो असतो. माघारीच्या दिवशी जाऊन सही केली की डमीचं काम संपतं.

संध्याकाळी पुण्याहून पुतण्याचा फोन आला. विकास तिकडे एका कंपनीत होता, शिकलेला होता, आणि निवडणुकीत त्याचा शब्द वैजनाथला वजनाचा वाटे. वाडीत रेंज फक्त उकिरड्यावर यायची, म्हणून वैजनाथ उकिरड्यावर चढला.

"काका, यंदा विश्वंभररावासोबत कंपीट करायचं. शेवटपर्यंत सोडायचं न्हाई त्यांला."

"काय करायचं म्हन्लास?"

"कंपीट, काका. कंपीट." आणि रेंज गेली.

वैजनाथ तो शब्द तोंडात घोळवत उकिरड्यावरून उतरला. कंपलीट हा शब्द त्याच्या रोजच्या वापरातला होता. नांगरट कंपलीट होई, विहीर कंपलीट होई, गवंडी तर भिंत अर्धी टाकूनही कंपलीट म्हणत. शहरात राहून पोरं अर्धी अक्षरं गिळतात, हेही त्याला ठाऊक होतं.

"विश्वंभरसोबत कंपलीट करायचं हाय," त्याने घरात येऊन सांगितलं.

"काय कंपलीट करायचं?" गोजरबाईने विचारलं.

"ते काय बोलला न्हाई. जे आसंल ते. पर शेवटपर्यंत सोडायचं न्हाई म्हन्ला."

गोजरबाईने भाकरी उलटली. लग्न झाल्यापासून पुष्कळ प्रश्न तिने असेच तव्यावर सोडून दिले होते.

दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता वैजनाथ विश्वंभरच्या अंगणात हजर झाला. विश्वंभर मशेरी लावत होता. बोट तोंडातच ठेवून त्याने भुवया वर केल्या. वैजनाथ म्हणाला, काही नाही, सहज आलो, काय काम आहे ते सांग. विश्वंभरने बोट तोंडातून काढलं. दोन निवडणुका हरलेला माणूस सकाळी सकाळी काम मागायला येतो, तेव्हा त्याच्या मनात काहीतरी मोठंच असणार.

"ह्यो काहून येऊन राहिला, काय कळंना," त्याने आत जाऊन बायकोला हळूच सांगितलं. "पर आता ह्याला नजरंआड होऊ द्यायचा न्हाई."

त्या दिवसापासून वैजनाथ विश्वंभरला सोडीना आणि विश्वंभर वैजनाथला सोडीना. एक म्हशीला पाण्यावर घेऊन निघाला की दुसरा शेपटीमागे. एक दाढी करायला बसला की दुसरा शेजारी गाल भिजवून तयार.

माघारीच्या दिवशी विश्वंभरच्या शेतात हळद शिजत होती. बॉयलरवरचा एक गडी आला नव्हता. गोजरबाई नवं लुगडं नेसून घरी वाट बघत बसली होती. तहसीलात लई सह्या असतात, मी आल्याशिवाय निघू नको, असं नवऱ्याने बजावलं होतं. ती घडीघडी उकिरड्यावर चढून फोन लावत होती आणि त्याचा फोन तिच्याच घरात, खुंटीवरच्या जाकिटाच्या खिशात, रेंजबाहेर पडला होता.

इकडे विश्वंभरच वैतागून म्हणाला, "वैजनाथा, आज घरी जाय बरं. तुला काही कामधंदा हाय की न्हाई?"

"आर्धं काम टाकून जाऊ व्हय?" वैजनाथने हळदीची पाटी उचलली. "कंपलीट करूनच जाईन."

हळद कंपलीट झाली तेव्हा माघारीची वेळ टळून गेली होती. तिन्हीसांजेला विश्वंभरचा मेहुणा तालुक्याहून चिन्हं घेऊन आला. विश्वंभरला कपबशी, वैजनाथला शिट्टी आणि गोजरबाईला खाट.

"ती कशाला उभी हाय?" वैजनाथने विचारलं.

"आता ते तुमच्या घरातलं," मेहुणा म्हणाला.

वैजनाथने घरी जाऊन बायकोची समजूत घातली, की डमीला कोण मत देतं. गोजरबाई म्हणाली, मला मत नकोच आहे, मला फक्त हे सांगा, दिवसभर नवं लुगडं नेसून मी कुणाची वाट बघत होते.

प्रचार सुरू झाला आणि वार्डातल्या लोकांना कळेना, की हसावं की घाबरावं. दोघे एकाच दारात उभे राहत. विश्वंभर हात जोडून कपबशी म्हणे आणि तो खाली वाकला की वैजनाथ शिट्टी वाजवी. एका म्हातारीने विचारलं, "आरं बाबांनो, आदी ठरवा, मी च्या टाकू का पोलीस बोलावू?" पारावरच्या माणसांनी मात्र लगेच अर्थ काढला. यांचं आतून मिटलेलं आहे, कुणालाही द्या, मत एकाच खिशात जाणार.

आणि दोघे दिवसभर सोबत हिंडत असल्यामुळे तक्रारी घेऊन येणारी माणसं वैजनाथच्या दारात येत, तेव्हा घरात गोजरबाईच असे. नळ येत नाही म्हणून बायका आल्या, तर तिने उकिरड्यावर चढून पाणी सोडणाऱ्याला असा काही फोन लावला, की तो जेवता जेवता उठून आला. लाइट गेली, तर वायरमनला तिने शेजारच्या गावातून मोटरसायकलवर बसवून आणवलं. प्रचाराचं एक अक्षर ती बोलली नाही. लोक म्हणाले, ही बाई कामाची आहे, आणि खाट कुठे छापली आहे ते बघून ठेवलं.

मतदानाच्या आदल्या दिवशी विकास पुण्याहून आला. फाट्यावर उतरला तर समोरून काका येत होता, विश्वंभरच्या मोटरसायकलवर, मागे बसून, त्याच्या खांद्यावर हात ठेवून. घरी येईपर्यंत विकासचं डोकं तापलं होतं.

"काका, कंपीट म्हन्जे टक्कर द्यायची. चढाओढ करायची. तुमी तर गळ्यात गळा घालून फिरून राहिले."

"आन सोडू नका म्हन्लास ते?"

"सोडू नका म्हन्जे जिंकू देऊ नका."

"मंग तसं म्हनावं माणसानं," वैजनाथ म्हणाला. "मी त्याला दाढीलाबी एकटा सोडला न्हाई."

वैजनाथची मुलगी मंजुषा वसमतच्या कॉलेजात इंग्रजी शिकत होती. ती दारात गहू निवडत बसली होती. ती म्हणाली, "आबाचं चुकलं खरं, पर शब्दाच्या आजोळी गेलं तर तितकं न्हाई चुकलं."

"शब्दाला आजोळ आसतं व्हय?"

"इंग्रजीनं ह्यो शब्द लॅटिन नावाच्या जुन्या भाषेतून घेतला. त्यातलं 'कॉम' म्हन्जे सोबत, आन 'पेतेरे' म्हन्जे मागणं, शोधायला निघणं. सोबत मिळून एकच गोष्ट मागायला निघायचं, यवढंच त्यात होतं. टक्कर मागून शिरली."

वैजनाथ विकासकडे वळून म्हणाला, "सोबत मिळून मागायचं. मंग मी आन विश्वंभर दारोदार दुसरं काय करून राहिलो होतो?"

"लॅटिनवाल्याचं आपल्या वार्डात मत न्हाई, काका," विकास म्हणाला.

हे बोलणं वैजनाथला लागलं. खुंटीवर जाकीट दिसत होतं. दुसऱ्या दिवशी टक्करच द्यायची ठरवून तो पहाटे मागच्या दाराने निघाला आणि मतदारांना गाठायला मळ्यामळ्यांतून हिंडू लागला. विश्वंभर अंगणात मशेरी लावून त्याची वाट बघत बसला. ऊन अंगणात आलं तरी वैजनाथ येईना, तेव्हा तो चूळ न भरताच उठला. इतके दिवस ज्याची भीती होती तो डाव आज पडला, अशी त्याची खात्री झाली. कपबशी, मतदार, मेहुणा, सगळं सोडून तो वैजनाथला शोधत सुटला. या मळ्यातून वैजनाथ निघाला की त्या मळ्यात विश्वंभर पोचे, "आपला वैजनाथ दिसला का?" असं विचारी आणि पुढे धावे. मत मागायचं भानच त्याला राहिलं नाही. मतदार मात्र मळ्यात नव्हतेच. ते शाळेपुढे रांगेत उभे होते, आणि तिथे गोजरबाई म्हाताऱ्या माणसांना पाणी देत होती.

शेवटी ओढ्याच्या कडेला दोघांची गाठ पडली. विश्वंभर धापा टाकत होता.

"कुठं होतास लेका? सांगून तरी जायचं."

"मी कंपीट करून राहिलो होतो."

"मग मला सोबत न्यायचं न्हाई व्हय?"

निकाल लागला. शिट्टी आणि कपबशी यांना मतं अगदी सारखी पडली. उरलेली सगळी खाटेवर.

गुलाल धुऊन झाल्यावर वैजनाथने खुंटीकडे पाहिलं, तर खुंटी रिकामी होती. पहिल्या बैठकीला गोजरबाई लुगड्यावर जाकीट घालून गेली. खांद्यात ढिलं होत होतं, पण खिसे कामाचे होते. खुर्चीत बसून तिने वार्डातल्या नालीचा विषय काढला. विश्वंभरच्या मेंबरकीत ती अर्धी खोदून पडली होती, ती पार वैजनाथच्या दारापर्यंत. गावाने श्रमदान करावं असं ठरलं आणि सुरुवात कुणी करायची तेही तिनेच सांगितलं.

आठवड्याने विकासने पुण्याहून फोन लावला. नाली उकिरड्याला लागूनच होती, त्यामुळे रेंज चांगली होती. वैजनाथ गुडघाभर चिखलात उभा होता. पलीकडच्या टोकाकडून विश्वंभर फावडं मारत येत होता, आणि वैजनाथच्या आधी मध्यावर पोचायचं म्हणून घाई करत होता.

"काका, काय करून राहिले?"

वैजनाथने विश्वंभरकडे पाहिलं, उरलेल्या नालीकडे पाहिलं आणि फोन खांद्यात दाबून पुन्हा फावडं उचललं.

"कंपीट," तो म्हणाला. "कंपलीट झालं की फोन करतो."