उपाशी मंडळीचा विमा

डॉक्टरांची जीप चर्चच्या फाटकातून आत शिरली, तेव्हा पाळक किशनराव ओसरीवर दात कोरत बसले होते. उपासाच्या तिसऱ्या दिवशी दातांत अडकलंय तरी काय, हे कुणी विचारण्याआधी त्यांनी काडी गपकन खिशात कोंबली.

हा उपास त्यांनीच लावला होता. चिंचोळीच्या विहिरींचे तळ उघडे पडले, तेव्हा रविवारी त्यांनी व्यासपीठावरून गरजून सांगितलं, की पावसासाठी मंडळीने तीन दिवस नुसत्या पाण्यावर काढावेत. मंडळीने ते मनावर घेतलं. किशनराव मात्र पित्ताचे धनी. पोट रिकामं राहिलं की त्यांचं डोकं असं ठणकायचं, की प्रार्थनेतले शब्दच आठवायचे नाहीत. म्हणून पत्नी तारामतीबाई रोज सकाळी दार लावून त्यांना फोडणीच्या चुरमुऱ्यांचा बशीभर सुशीला खाऊ घालत. चुरमुऱ्यांना काही कुणी जेवण म्हणत नाही, अशी किशनरावांनी स्वतःची समजूत घातली होती.

डॉक्टर खरं तर पुढच्या आठवड्यात यायचे होते. पण लातूर वेगळा जिल्हा झाल्यापासून साहेबलोकांची जीप कधी कुठे उगवेल याचा नेम राहिला नव्हता. पाणी सोडून बाकी सगळं आता चिंचोळीपर्यंत पोचू लागलं होतं.

"विम्याची तपासणी," डॉक्टर उतरता उतरता म्हणाले. "सगळ्या नोकरमाणसांना बोलवा. तासाभरात मला पुढे जायचंय. पुन्हा काही या बाजूला येणं व्हायचं नाही."

किशनरावांनी मनात हिशेब केला: आज सगळेच तीन दिवसांचे उपाशी, तपासणीत टिकणार कोण? या विम्यासाठी त्यांनी दोन वर्षं चपला झिजवल्या होत्या. चर्चच्या वरच्या कमिटीला फक्त पाळकांचा विमा काढायचा होता. किशनराव भर सभेत भांडले. ज्याचा पगार मोठा त्याने हप्ता मोठा भरावा, पण इलाज पाळकाला आणि झाडूवालीला सारखाच मिळाला पाहिजे, असं म्हणून हटूनच बसले. त्यांच्या डोळ्यांसमोर केवळाबाई होती. चर्चची झाडलोट करणाऱ्या या बाईचा मागच्या साली पाय मोडला, तेव्हा इलाजापायी तिने होत्या नव्हत्या तेवढ्या शेळ्या विकल्या. आज तिचं नाव गळलं, तर पुढच्या दुखण्याला विकायला तिच्याकडे काहीच नव्हतं.

पहिला आला भुजंग. एरवी घंटेच्या दोरीला लोंबकळून अख्खं गाव जागं करणारा हा गडी आज भिंत धरत आला. डॉक्टरांनी दंडाला पट्टा बांधून हवा भरली, तशी त्याने मान टाकली.

"अहो, काही खाल्लंय का?"

"उपास हाय साहेब. पावसाचा."

डॉक्टरांनी त्याला लघवीसाठी बाटली दिली. भुजंग आडोशाला गेला आणि बऱ्याच वेळाने बाटली जशीच्या तशी घेऊन परत आला.

"हिरीतच न्हाई, तर माझ्यात कुठून येणार, साहेब?"

वसतिगृहाची स्वयंपाकीण लक्ष्मम्मा वजनकाट्यावर चढली आणि तिथेच खाली बसली. केवळाबाईची नाडी तर डॉक्टरांना सापडता सापडेना. शेवटी किशनरावांचा नंबर लागला. नाडी उत्तम, रक्तदाब उत्तम, चेहऱ्यावर तुकतुकी.

"तुम्ही एकटेच ठणठणीत आहात," डॉक्टर म्हणाले. "तुम्हाला पास करतो. बाकीच्यांची नावं कमी करावी लागतील."

म्हणजे दोन वर्षं भांडून वरच्या कमिटीच्या मनासारखंच झालं! किशनराव डॉक्टरांच्या पुढ्यात उभे राहिले.

"साहेब, थोडं थांबा! मी यांना आत्ता जेवू घालतो. मग पुन्हा तपासा."

डॉक्टरांनी घड्याळाकडे पाहिलं आणि नाखुशीने मान हलवली. वसतिगृहातल्या पोरांसाठी केलेली पिठलं-भाकरी तयारच होती. ताटं वाढली गेली. पण ताटाला कुणी हातच लावेना.

"न्हाई पाळकसाहेब," केवळाबाई म्हणाली. "आज शेवटचा दिस हाय. ढोरं मरून राहिली. माझ्या इम्यापायी गावाचा पाऊस अडवू काय? ऱ्हाऊ द्या माझं नाव."

"हाव, खरं हाय," भुजंग भिंतीला टेकून पुटपुटला.

रविवारचं प्रवचन असं अंगावर उलटेल असं किशनरावांना वाटलं नव्हतं. त्यांनी बायकोकडे पाहिलं. तारामतीबाईंनी पदर तोंडाला लावला. आता दुसरा इलाज नव्हता.

"ऐका," किशनराव खाली मान घालून म्हणाले. "उपास पहिल्याच दिवशी मोडलाय. मी मोडलाय. रोज सकाळी सुशीला खातोय."

डॉक्टरांनी कानातली नळी काढली.

"ठाव हाय की," केवळाबाई शांतपणे म्हणाली. "फोडणीचा वास घंटेपातूर येतोय. म्या म्हणलं, बाईकडं पाव्हणे आले असतील."

"मग बोलली का नाहीस?" किशनरावांनी विचारलं.

"तुमच्या उपासाचं देवबाप बघून घेईल. म्या कोण इचारनारी?" मग तिच्या काहीतरी ध्यानात आलं आणि ती ताटाशी सरसावून बसली. "पर मंग पाऊस तर कवाच अडलाय की! वाढ गं लक्ष्मम्मा, अजून पिठलं वाढ!"

भाकऱ्या संपल्या. भुजंग ढेकर देत आडोशाला गेला आणि भरली बाटली मोठ्या अभिमानाने घेऊन आला. केवळाबाईची नाडी पहिल्याच प्रयत्नात सापडली. डॉक्टरांनी सगळ्यांच्या नावापुढे सही ठोकली, तेव्हा किशनरावांच्या जिवात जीव आला. डोळे भरून आले तरी त्यांना लाज वाटली नाही.

जीप सुरू झाली, तशी केवळाबाई धावत तिच्याजवळ गेली.

"म्हंजी आता म्या आजारी पडले, तर समदा खर्च इम्याचा?"

"हो. पुढच्या महिन्यापासून."

"आन पाळकसाहेबांचा?"

"त्यांचाही तसाच. सगळ्यांना सारखं."

केवळाबाई समाधानाने मागे वळली.

"मंग पाळकसाहेब, पुढल्या महिन्यात उपास परत धरायचा. आमाला चक्कर आली तर इमा हाय, आन तुमचं डोकं ठणकलं तर तुमालाबी हाय. आता सुशीला बंद!"

किशनरावांनी खिशातली काडी काढली आणि मुकाट्याने कुंपणापलीकडे फेकून दिली.