बगळ्याने काढलेलं तरस

एका जंगलात, मुलांनो, धवल नावाचा बगळा राहायचा आणि तो चक्क चित्रकार होता. शाळेसाठी ‘आपले शेजारी’ नावाचं पुस्तक निघालं, तेव्हा त्यातली चित्रं त्यानेच काढली.

तरस त्याने कधी पाहिलं नव्हतं. ऐकलं मात्र पुष्कळ होतं. म्हणून त्याने लाल डोळे काढले, सुळ्यांवरून रक्त ओघळवलं आणि पंजात एक हाडूक दिलं.

पुस्तक वर्गात वाटलं गेलं. चौथ्या दिवशी चांगुणा तरसीण ते घेऊन तळ्यावर आली.

“हे कोण, भाऊ?”

“तरस.”

“तरस तर मी आहे.”

धवलने तिच्याकडे पाहिलं, मग चित्राकडे. एवढी लांब मान, पण खाली घालायला पुरेना.

“माझ्या लेकाच्या बाकावर आता कुणी बसत नाही,” ती म्हणाली.

धवलने तिला समोर बसवलं आणि नवं चित्र काढलं. कानामागे खाजवणारी, जराशी दमलेली एक आई. चांगुणा बराच वेळ बघत राहिली. “हं. ही मी.”

दुसऱ्या आवृत्तीसाठी धवल ते चित्र घेऊन संपादकांकडे गेला. संपादक म्हणजे एक वयस्कर गवा.

“सुंदर,” गवा म्हणाला. “पण तरस वाटत नाही.”

“त्या स्वतः समोर बसल्या होत्या, साहेब.”

“मग त्यांचंच काहीतरी चुकत असेल.”

शेवटी जुनंच चित्र राहिलं. खाली बारीक अक्षरांत ओळ आली : ‘तरसांनाही भावना असतात.’

“आणि तरसांना विचारलंच नाही, असं कुणी म्हणायला नको,” गवा म्हणाला. “बगळ्याचं चित्र चांगुणाबाईंना काढू दे.”

चांगुणाने धवलला विचारलं, “कसं काढू, भाऊ?”

“आहे तसा काढ.”

तिने चिखलात उभा, चोचीत बेडूक धरलेला बगळा काढला. धवलला तो फार आवडला. गव्याने बेडूक खोडला, डोळे मिटवले आणि गळ्यात जपमाळ घातली. “आता कसा बगळा वाटतो.”

पुस्तक छापून आलं तेव्हा धवल संतापला. निषेधाचं पत्र खरडून तो सकाळी तळ्यावर आला, तर काठावर बेडकांची रांग लागलेली.

“महाराज, आम्ही आपल्याला ओळखलंच नव्हतं,” म्हणत सगळ्यांत लठ्ठ बेडूक पाया पडायला जवळ आला.

धवलला खरं सांगायचं होतं. पण न्याहारी व्हायची होती. त्याने डोळे मिटून घेतले.

तात्पर्य : आपलं चित्र खोटं निघालं, तर लगेच तक्रार करू नये. आधी जेवून घ्यावं. ही सवलत तरसांना नाही.