पाद्रीबाबांचा अर्ज नामंजूर

ज्ञान दोन प्रकारचं असतं: शिकवलेलं आणि स्वतः शिकलेलं. शिकवलेल्या ज्ञानात काही कमी निघालं तर शिक्षकाच्या नावाने बोटं मोडता येतात. स्वतः शिकलेल्या माणसाला ही सोय नसते, म्हणून तो इंटरनेटच्या वेगाला दोष देतो.

सर्बियातल्या नीश शहरात वेबसाइट बनवायला स्वतःहून शिकणाऱ्यांचं प्रमाण सध्या दर दहा तरुणांमागे अकरा आहे. (अकराव्याने विद्यापीठातही नाव घालून ठेवलेलं असतं, त्यामुळे तो दोनदा मोजला जातो.) या शिक्षणाचा अभ्यासक्रम कुणीही आखलेला नाही, तरी तो सगळ्यांचा तंतोतंत सारखा असतो. आधी विद्यार्थी करायच्या कामांची यादी ठेवणारं पान बनवतो. त्या यादीतलं पहिलं काम 'यादीचं पान बनवणे' हे असतं आणि त्यापुढे बरोबरची खूण करताना त्याचा ऊर भरून येतो. मग तो हवामान सांगणारं पान बनवतो. खिडकीतून जे दिसतं तेच हे पान थोडं उशिरा सांगतं, पण रंगसंगती चांगली असते. शेवटी तो स्वतःची ओळख करून देणारं पान बनवतो, त्यात उपरोक्त दोन पानांचा 'निवडक कामे' असा उल्लेख करतो, आणि शिक्षण पूर्ण झालं असं स्वतःच स्वतःला कळवतो. (प्रस्तुत लेखकाच्या नावावर हवामानाची चार पानं आहेत. चारही ठिकाणी केव्हाचं ऊन पडलंय.)

रास्तको मिलुतिनोविच हा याच परंपरेतला, आणि त्याला आता कुठेतरी इंटर्नशिप हवी होती. पगाराची अट नव्हती. खुर्चीचीही नव्हती. फक्त कुणीतरी त्याला 'आमचा मुलगा आहे, शिकतोय' म्हणावं, एवढीच अपेक्षा होती. हे त्याच्या घरातही कुणी म्हणत नव्हतं.

घरात वेगळाच बेत शिजत होता. रास्तकोचे धर्मबाप द्रागोल्युब हे ऑस्ट्रियात ग्राट्स शहरी न्हाणीघरांच्या फरशा बसवतात. त्यांनी निरोप धाडला होता की पोराला पाठवा, नव्या वर्षापासून हाताखाली घेतो. आमच्याकडे सख्ख्या भावाला नाही म्हणता येतं. ज्याने मुलाला बाप्तिस्म्याच्या वेळी हातात धरलं त्याला नाही म्हणायचं तर कारण भक्कम लागतं. रास्तकोचे वडील मिलुतिन बसस्थानकावर तिकिटाच्या खिडकीत बसतात, त्यामुळे शहरातून कोण कायमचं गेलं याची अधिकृत माहिती त्यांच्याचकडे असते. त्या माहितीत मुलाचं नाव घालायची त्यांना हौस नव्हती, पण तयारी होती.

"नाहीतर मी कुणाला तरी सांगून बघतो," मिलुतिन म्हणाले.

"कुणाला?"

"ते बघू. आधी सांगायचं ठरवू, मग कुणाला ते ठरवू."

"नको बाबा. ओळखीने नको. माझं मी मिळवीन."

मिलुतिननी बायकोकडे पाहिलं. "रुझित्सा, हे असं बोलणं आपल्या घरात कुठून आलं? तुझ्या माहेरचं असणार."

आमच्याकडे ओळखीला 'वेझा' म्हणतात आणि ती न वापरणाऱ्याला 'बिचारा' म्हणतात. वेझेवर जन्म होतो (दवाखान्यात खाट), वेझेवर शाळा होते, आणि स्मशानात झाडाखालची जागाही वेझेवरच मिळते. अशा शहरात केवळ गुणवत्तेवर काही मिळवू पाहणं म्हणजे उघड उघड समाजाचा अपमान आहे. रास्तकोने तो शहरातल्या झाडून सगळ्या कंपन्यांना अर्ज पाठवून केला.

कंपन्यांची उत्तरं अतिशय सभ्य होती. आपल्या अर्जाबद्दल मनःपूर्वक आभार. आपल्या अनुभवाने आम्ही प्रभावित झालो आहोत. तथापि, या वेळी आम्ही इतर उमेदवारांसह पुढे जाण्याचा निर्णय घेतला आहे. आपल्या भावी वाटचालीस शुभेच्छा. रास्तकोला अनुभव नव्हता आणि कंपन्या त्याने प्रभावित होत होत्या, यावरून त्या किती मोठ्या मनाच्या आहेत हे दिसतं.

अपवाद एकच. ओब्लाक नावाच्या छोट्या कंपनीतून येलिसावेता नावाच्या बाईंचं उत्तर आलं. 'यादी पाहिली. हवामान पाहिलं. आता खऱ्या माणसांची खरी अडचण सोडवणारं काहीतरी दाखवा, जे ती माणसं खरोखर वापरतील. डिसेंबर संपायच्या आत. तीन महिन्यांची एक जागा आहे.'

खरी अडचण. रास्तको घरभर शोधत फिरला. घरात अडचणी पुष्कळ होत्या, पण बटण दाबून सुटेल अशी एकच निघाली, ती म्हणजे स्लावा.

प्रत्येक घराचा एक संत असतो आणि त्या संताचा दिवस म्हणजे त्या घरची स्लावा. मिलुतिनच्या घराण्याचा संत निकोला, दिवस डिसेंबरातला. अर्ध्या सर्बियाचा संत तोच आहे, आणि उरलेला अर्धा सर्बिया त्या दिवशी पहिल्या अर्ध्याकडे जेवायला जातो. (त्या दिवशी कडक उपवास असतो, म्हणून मासे खातात.) स्लावेला आमंत्रण द्यायचं नसतं. ज्याला यायचं तो येतो, आणि आलेल्याला परत पाठवायचं नसतं, मग तो शत्रू असो की विमा एजंट. परिणामी सगळे एकाच वेळी येतात. मागल्या वर्षी दोन काका स्वयंपाकघरात उभ्याने जेवले होते आणि पाद्री गाव्रिलो यांनी पावाला आशीर्वाद जिन्यात दिला होता.

रास्तकोने पान बनवलं. पाहुण्याने नाव घालायचं, वेळ निवडायची, बटण दाबायचं. दुपार, संध्याकाळ, रात्र, दर वेळी बारा खुर्च्या. जागा असेल तर 'या', नसेल तर नम्र शब्दांत तसं कळवणारा मजकूर.

"पाहुण्यांना वेळ नेमून द्यायची?" रुझित्सा म्हणाली. "आपण काय दाताचे डॉक्टर आहोत?"

"आई, गर्दी होणार नाही."

"गर्दी होणार नाही तर स्लावा कसली? लोक म्हणतील यांच्याकडे कुणी मेलंय."

पण आई ती आईच. मुलाचं ग्राट्स टळत असेल तर दाताचा डॉक्टर व्हायला तिची हरकत नव्हती. तिने लिंक सगळ्या नातेवाइकांना पाठवली, खाली स्वतःचं एक वाक्य जोडून: 'याच्यावर दाबा, पोराचं भलं होईल.' रास्तकोने तीच लिंक येलिसावेतालाही पाठवली.

लिंक जाण्याआधी एक प्रश्न सोडवावा लागला होता: नम्र शब्दांतला मजकूर कुठून आणायचा. रास्तकोने आयुष्यात एकाच प्रकारचा व्यावसायिक मजकूर वाचला होता. तो त्याने जसाच्या तसा चिकटवला. वापरला जाणारच नव्हता म्हणा. खुर्च्या पुरेशा होत्या.

सदर पानाची कसून तपासणीही आधीच करण्यात आली होती. स्वतः शिकलेल्या माणसाकडे तपासायला दुसरं कुणी नसतं, म्हणून रास्तकोने स्वतःच पाहुणा होऊन नाव नोंदवलं. चाललं. विश्वास बसेना म्हणून पुन्हा नोंदवलं. मग केवळ आनंद म्हणून नोंदवत राहिला. तपासणी इतकी यशस्वी झाली की तिन्ही वेळच्या सगळ्या खुर्च्या भरल्या. मिलुतिनच्या घरी त्या दिवशी एकूण छत्तीस पाहुणे अपेक्षित होते आणि ते सगळे रास्तको होते. ही नावं पुसायची राहून गेली.

संत निकोलाच्या दिवशी दुपारी मेणबत्ती लागली. भाजलेला कार्प मासा लांबलचक पसरला. साधा घेवडा, कांद्यात शिजलेला. तांदूळ-अक्रोड भरलेल्या कोबीच्या गुंडाळ्या. उकडलेला गोड गहू. मधोमध स्लावेचा पाव. रुझित्सा दाराशी उभी राहिली. मिलुतिन टाय बांधून बसले.

कुणीही आलं नाही.

शेजारच्या घरातून हसण्याचे आवाज येत होते. वरच्या मजल्यावर टेबलं सरकवत होते. मिलुतिन माशाकडे बघत राहिले.

"तेरा पिढ्या," ते शेवटी म्हणाले. "तुर्क होते तेव्हासुद्धा लोक येत होते. तुर्कही यायचे."

"येतील बाबा."

"द्रागोल्युबला फोन लावतो. बस पहाटेची आहे, खिडकीची जागा देतो."

रुझित्सा दारातून आत आली. तिने माशावर कापड घातलं. रास्तकोला एवढंच पुरलं. आईला माशावर कापड घालताना त्याने आजवर पाहिलं नव्हतं. आमच्याकडे ते गेलेल्या माणसांवर घालतात.

तेवढ्यात घंटी वाजली. दारात जाड कोट घातलेली, हातात वाइनची बाटली घेतलेली अनोळखी बाई उभी होती.

"मी येलिसावेता. ओब्लाकमधून. मी तुमच्या पानावर नाव घातलं होतं, पण तुम्ही इतर उमेदवारांसह पुढे जायचं ठरवलंय असं कळलं." तिने पाय पुसले. "स्लावेला आमंत्रण लागत नाही. नकार आला असला तरी चालत असेल, असं धरून आले."

रास्तकोचे कान लाल झाले. त्याने लॅपटॉप आणला, गहू बाजूला सरकवून टेबलावर उघडला आणि तिच्यादेखत पाहुण्यांची नावं वाचायला घेतली. रास्तको. रास्तको दोन. रास्तको पुन्हा. रास्तकोकाका. मग तो थांबला.

"हे सगळे मीच आहे," तो म्हणाला. "तपासताना घातलेली नावं पुसली नाहीत. खुर्च्या मीच अडवल्यात. आणि खालचा मजकूर तुमच्यासारख्या कंपन्यांचा आहे. मला दुसरा येत नव्हता."

"कुणाकुणाला गेला?"

त्याने बघितलं. "सगळ्यांना. पाद्रीबाबांनाही."

"मग आता?"

तिच्यासमोरच त्याने आधी सगळे रास्तको पुसले. मग तपासणीची नावं आणि खरी नावं वेगवेगळी ठेवायची सोय केली. ती पहिल्यांदा चालली नाही. का नाही हे त्याने मोठ्याने बोलत शोधलं, एक कंस चुकला होता, तो नीट केला. मग खुर्च्यांची मर्यादाच काढून टाकली, कारण ज्या घरातून कुणाला परत पाठवायचंच नसतं तिथे ती घालणं हीच मूळ चूक होती, असं तो म्हणाला. शेवटी सगळ्यांना एक ओळ पाठवली: 'चूक माझी आहे, घराची नाही. आई वाट बघतेय. रास्तको.' येलिसावेता मधेमधे एखादा प्रश्न विचारत होती. जे येत होतं त्याचं त्याने उत्तर दिलं, जे येत नव्हतं तिथे 'माहीत नाही' म्हणाला. असा मुद्दा दोनदा आला. नंतर पाचदा.

उत्तरादाखल जिन्यात गडगडाट झाला. पाहुणे कुठे गेलेलेच नव्हते. खालच्या मजल्यावर देसांका आत्याच्या घरी जमून मिलुतिनशी कायमचे संबंध तोडण्याचा मसुदा करत होते. आत्या सर्वांत पुढे होती.

"माझी वाटचाल काय रे? भावी?" ती म्हणाली. "सत्तर वर्षांची झाले मी. कुठे वाटचाल करू?"

"आत्या, चुकलं."

"शुभेच्छा देतो मला. मेल्या, तुझे लंगोट धुतलेत मी."

मागून पाद्री गाव्रिलो आले. दम लागला होता. "तीस वर्षं झाली मला या घरात येऊन," ते म्हणाले. "पोरा, इतर उमेदवार कोण होते, तेवढं सांग. पलीकडल्या चर्चचा तर नव्हता ना?"

"नाही पाद्रीबाबा. मीच होतो."

"मग ठीक आहे," पाद्रीबाबा म्हणाले आणि पावाकडे वळले.

माशावरचं कापड निघालं. दोन काका पुन्हा स्वयंपाकघरात उभ्याने जेवले. रुझित्साने येलिसावेताच्या ताटात वाढणं थांबवलंच नाही. निघताना कार्पचा मधला, बिनकाट्याचा तुकडा डब्यात घालून तिच्या हातात दिला, आणि तिने तो घेतला.

दाराशी येलिसावेता रास्तकोला म्हणाली, "माझ्याकडे येणारे सगळे चूक लपवतात. तू ती पाद्र्याला पाठवलीस आणि मग माझ्यासमोर उघडलीस. सोमवारी नऊला ये. खुर्ची देऊ."

द्रागोल्युबना फोन गेला, पण वेगळा. ते एवढंच म्हणाले की बरं झालं, कॉम्प्युटरवाल्यांना फरशी सरळ बसवता येत नाही.

दुसऱ्या दिवसापासून बसस्थानकाच्या खिडकीवर चौकशी सुरू झाली. पोराला कुणी लावलं? मिलुतिन पहिले काही दिवस खरं सांगत होते. कुणीही नाही, स्वतःच्या जोरावर लागला. लोक समजुतीने मान हलवायचे: इतकी मोठी ओळख दिसतेय की नावही घेता येत नाही. देसांका आत्याने शोध लावला की येलिसावेताची आई आणि मिलुतिनची चुलती एकाच जिल्ह्यातल्या. (जिल्ह्याची लोकसंख्या पावणेचार लाख आहे.) एकाने घरी गाळलेल्या राकियाची, म्हणजे फळांच्या दारूची, बाटली आणून दिली, म्हणाला माझ्या मुलीचंही बघा, तीही हवामान करते. मिलुतिननी नको म्हटलं, तर त्याने दुसरी बाटली काढली. आता मिलुतिन काही सांगत नाहीत. फक्त एक भुवई उचलतात आणि बाटली खिडकीखाली ठेवतात. आयुष्यभर वेझा शोधणारा माणूस अशा रीतीने, कुणालाही न ओळखता, शहरातली सर्वांत मोठी वेझा झाला.

राहता राहिले वाचक. वाचक सुज्ञ असतात असं म्हणायची पद्धत आहे, आणि ती आम्हीही पाळतो. रास्तकोने चूक शोधली, कबूल केली, दुरुस्त केली, तो परिच्छेद तुम्ही भरभर वाचलात. कंस कुठला चुकला होता हे तुम्ही विचारलंही नाही. माशाचा डबा तिच्या हातात गेला, त्या ओळीवर मात्र तुम्ही क्षणभर थांबलात आणि मनात म्हणालात, 'हं, आता कळलं.' हरकत नाही. तुमच्याही घरात कुणीतरी असं शिकत असेलच. मिलुतिन रोज दुपारपर्यंत दोन नंबरच्या खिडकीत असतात. रांग मोठी आहे, पण पुढे घुसण्यापुरती तुमची कुणाशी तरी ओळख निघेलच.